मोजणी: पाचपैकी शून्य

"फक्त तुमची सही राहिली, मॅडम," प्रमोद म्हणाला. "डॉक्टरसाहेब बोलले, पाच मिनिटांचं काम आहे."

मी कागद वाचायला घेतला. चार पानं होती. पहिल्या पानावर त्याच्या काकूचं नाव अनसाबाई, वय अंदाजे एकाहत्तर, शिक्षण नाही, विधवा. शेवटच्या पानावर निष्कर्ष: स्मरणशक्ती व आकलन गंभीररीत्या कमी, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहण्यास सक्षम नाही. त्याखाली आमच्या डॉक्टरसाहेबांची सही झालेली. माझी जागा कोरी. मधल्या पानावर गुण: तीसपैकी नऊ.

मी एका मानसिक आरोग्य केंद्रात सोशल वर्कर आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, आणि या लेखातली माणसांची नावंही बदललेली आहेत. भंडारा जिल्ह्यात गावोगाव आमची शिबिरं होतात. डॉक्टर औषध लिहितात, सायकॉलॉजिस्ट, म्हणजे सध्या रोहन, चाचणी घेतो. पेशंट घरी कसा राहतो, कोणाबरोबर राहतो, त्याच्याबद्दल सांगणारा माणूस खरं सांगतो का, हे बघणं माझं काम. चोवीस वर्षं हेच करते आहे.

मला आकडे बघायची सवय आहे. घरी दूधवाल्यानं दिलेली चिठ्ठीसुद्धा मी तपासते, मुलं हसतात. त्या सवयीनं मी मधल्या पानावरचे गुण मनात मिळवले. वेळकाळ पाचपैकी एक. ठिकाण पाचपैकी तीन. ऐकलेले तीन शब्द लगेच सांगणे, तीनपैकी तीन. मोजणी पाचपैकी शून्य. तेच शब्द थोड्या वेळानं पुन्हा सांगणे, तीनपैकी एक. घरच्यांची नावं, वाचणं-लिहिणं आणि इतर, नऊपैकी तीन.

अकरा होतात. कागदावर नऊ होते. मी पुन्हा मिळवले. अकराच.

"प्रमोदभाऊ, सोमवारनंतर या," मी म्हणाले.

"काहून? सही तर करायची आहे."

"मी तुमच्या काकूंना बघितलेलं नाही. बघितल्याशिवाय सही करत नाही."

"मॅडम, त्यात बघायचं का आहे? बुढी दिवसभर भटकून राहते. रात्री एकटीच आकडे बडबडते. घरचं जेवत नाही. आख्ख्या गावाले मालूम आहे. मले पुढच्या आठवड्यात वकिलाकडे कागद द्यायचा आहे."

वकिलाकडे कशाला, ते सांगते. म्हातारीला स्वतःचं कळत नाही असा कागद झाला की जवळचा नातेवाईक पालक म्हणून कोर्टात अर्ज करू शकतो. अर्ज मंजूर झाला की तिचं शेत, तिचं घर आणि ती स्वतः, तिन्हींचा निर्णय त्याच्या हातात. कागदाच्या दुसऱ्या पानावर प्रमोदनं लिहून दिलंच होतं: 'काकूला नागपूरच्या आश्रमात ठेवण्याचा विचार आहे.' म्हणजे माझ्या सहीनंतर एक बाई स्वतःच्या घरातून उठून कायमची दुसऱ्या गावाला जाणार होती. पाच मिनिटांचं काम.

मी कागद घेऊन डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले.

"सर, ही बेरीज चुकली आहे. अकरा होतात."

त्यांनी चष्मा वर केला. "बरं. मग?"

"नऊ लिहिलंय."

"मॅडम, दोन मार्कांनी काय फरक पडतो? चोवीसच्या खाली गेलं की शंका. नऊ काय, अकरा काय. म्हातारी नापासच आहे ना?"

"ज्याला बेरीज जमली नाही, त्यानं तिला मोजणीत शून्य दिलंय."

हे त्यांना आवडलं नाही. मलाही बोलल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं. पण मागे घेतलं नाही.

"शिबिरात पंचावन्न पेशंट होते त्या दिवशी," ते म्हणाले. "रोहन एकटा होता. रोबोट आहे का तो?"

"पंचावन्न म्हणूनच म्हणते. दहा ते चार शिबिर, अर्धा तास जेवण. तीनशे तीस मिनिटं राहतात. माणशी सहा मिनिटं. ही चाचणी नीट घ्यायला पंचवीस लागतात."

"तुम्ही गृहभेट फोनवर करा. गेल्या वर्षी तसं ठरलंय."

ठरलं होतं, खरं आहे. आणि मी फोनवरच्या गृहभेटींवर सह्या केल्या होत्या, हेही खरं आहे. फोन कोण उचलतं? नातेवाईक. नातेवाईक काय सांगतो? प्रमोदनं सांगितलं तेच. हे मला माहीत असून मी सह्या केल्या होत्या. त्या दिवशी राग डॉक्टरसाहेबांचा आला होता, पण तो त्यांच्यापाशी थांबत नव्हता.

"मी सोमवारी जाऊन येते," मी म्हणाले. "रोहनला बरोबर नेते."

"सोमवारी त्याचं रिपोर्टिंग असतं."

"सर, नाहीतर मी सही करणार नाही. मग हा कागद अर्धवट राहील आणि महिन्याच्या आकड्यात तुमचा एक कमी होईल."

एक कमी होणार म्हटल्यावर ते तयार झाले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी चाचणीचा कागद पुन्हा काढला. रोहननं प्रत्येक प्रश्नापुढे शेरा लिहिला होता. मुलगा प्रामाणिक आहे, जे ऐकलं ते लिहितो. 'तारीख: सांगता येत नाही, सणाचे नाव सांगते, चंपाषष्ठी.' मी उठून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. शिबिर मंगळवारी होतं. त्या मंगळवारी चंपाषष्ठी होती. म्हातारीला इंग्रजी तारीख येत नव्हती, तिथी अचूक येत होती, आणि गुण शून्य.

'पतीचे नाव: सांगत नाही. मंदिराकडे बोट दाखवते. प्रश्नाशी संबंध नाही.' हे वाचून मी कपाळावर हात मारला. एकाहत्तर वर्षांची बाई, पुतण्या शेजारी बसलेला, समोर परका तरुण, आणि ती नवऱ्याचं नाव घेईल?

'मोजणी, एक ते वीस: सुरुवात चुकीची. लाभ लाभ असे असंबद्ध बोलते. वीस म्हणता येत नाही. शून्य.'

हे मात्र मला कळलं नाही. मी भंडारा शहरात वाढले, वडील पोस्टात होते. आमच्याकडे तांदूळ पोत्यानं यायचा, वजन करून.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या चाचणीच्या मूळ नमुन्यात शंभरातून सात वजा करत जायचं असतं. न शिकलेल्या माणसांना ते जमत नाही, म्हणून अकरा वर्षांपूर्वी आम्ही आमच्या भागासाठी मराठी कागद तयार केला. वजाबाकी काढून 'एक ते वीस मोजा' घातलं. ते मी घातलं. खाली सूचना आहे: 'क्रम चुकल्यास किंवा सुरुवात एकपासून न केल्यास शून्य.' तीही माझीच. तेव्हा मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या होत्या. आपल्या माणसांसाठी आपला कागद, असं कोणीतरी म्हणालं होतं, आणि मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं.

सोमवारी रोहन आणि मी पवनीला उतरलो, तिथून आसगावची गाडी धरली आणि पुढे तीन किलोमीटर चाललो. रोहन पुण्याचा. इथे येऊन आठ महिने झालेले. वाटेत त्याला बेरजेचं सांगितलं. तो थांबलाच.

"मॅडम, सॉरी. कसं झालं कळत नाही. त्या दिवशी डोकं चालत नव्हतं."

"तुला शून्य दिलं का कोणी?"

मी त्याला टोमणा मारायला आले नव्हते, पण मारला.

घरी प्रमोदची बायको होती. अनसाबाई कुठे आहेत विचारल्यावर तिनं हात उडवला. "त्यायचं का सांगू? सकाळी उठले की निघाले. तलावाच्या पाळीकडे पाहा."

पाळ म्हणजे तलावाचा बांध. बांधाच्या खाली धानाची शेतं आणि एका मोकळ्या जागेत खळं. थ्रेशरनं मळणी होऊन धानाची रास पडली होती. राशीपाशी पाच-सहा जणी आणि एक शेतकरी, गोपालभाऊ. आणि राशीला टेकून उकिडवी बसलेली एक बारीकशी बाई, कासोटा घातलेलं लुगडं, हातात लाकडी माप.

सरकारी केंद्रावर धान काट्यावर जातं. पण कापणीची मजुरी आणि बियाण्याचं धान या गावात अजून कुडोनं मोजतात. कुडो म्हणजे हेच माप. वीस कुडो झाले की एक खंडी.

त्या बाईनं माप राशीत खुपसलं, भरून वर काढलं, तळहातानं वरचं धान सपाट केलं आणि समोरच्या पोत्यात ओतलं.

"लाभ," ती म्हणाली.

दुसरं माप. "दोन."

"तीन."

"चार."

रोहन माझ्या बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

ती मोजत राहिली. अठरा. एकोणीस. विसाव्या मापाला तिनं "खंडी" म्हटलं, मूठभर धान बाजूला जमिनीवर ठेवलं, आणि पुन्हा सुरुवात केली. "लाभ. दोन. तीन." बाजूला तशा सात मुठी आधीच होत्या. ही आठवी.

"गोपालभाऊ," मी हळूच विचारलं, "पहिल्या मापाला एक का नाही म्हणत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलंय. "एक म्हनलं म्हणजे एकच झालं ना बाई. लक्ष्मीले एक म्हनते का कोनी? लाभ म्हनाचं. माहा बाप म्हने, त्याचा बाप म्हने."

"सगळेच म्हणतात?"

"खळ्यावर कोन एक म्हनन? मार खाईल."

अकरा वर्षं. सुरुवात एकपासून न केल्यास शून्य.

खंडी पूर्ण झाल्यावर अनसाबाईंनी माप खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. रोहनला बघून ओळखीचं हसल्या. "काहून बापा, डोळ्याचा चष्मा आणला का?"

"चष्मा?" रोहन म्हणाला.

"प्रमोद म्हने, डोळे तपासाले चाल. तू तर डोळे पाह्यलेच नाही. तारीख इचारली, मोजाले लावलं. म्या म्हनलं, पोट्टा शिकाऊ असन."

मजूर बाया हसल्या. रोहनही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. संमतीपत्रावर अंगठा होता. कशासाठी अंगठा घेतला, हे तिला सांगितलंच नव्हतं. म्हणजे आणखी एक रकाना खोटा.

मी त्यांच्याजवळ बसले, पूर्ण सांगितलं. कोण आहे, कुठून आले, त्या दिवशी काय तपासलं आणि तो कागद कशासाठी हवाय, हेसुद्धा. कागदाचं ऐकून त्या जरा वेळ धान चाळत राहिल्या.

"म्हंजे मी पागल झाली, असा कागद आहे?"

"अजून माझी सही नाही."

"तुही सही झाली का पागल होईन?"

मी पिशवीतून चाचणीचा कोरा कागद काढला.

"मग घे ना पेपर. इथंच घे," त्या म्हणाल्या. "पन गोपालचं धान आधी मोजू दे. मजूर खोळंबून राह्यले."

एक तास थांबलो. अकरा खंड्या आणि सात कुडो झाले. मी डायरीत माझी वेगळी मोजणी ठेवत होते, मधे कोणीतरी पाणी दिलं आणि मी एक कुडो चुकले. त्या चुकल्या नाहीत.

मग खळ्यावरच चाचणी घेतली. प्रश्न तेच, पण विचारायची पद्धत माणसाची. आज कोणता दिवस? "सोमवार. काल एकादशी होती, माहा उपास होता. आज द्वादशी." महिना? "मार्गशीर्ष." साल? "ते मले मालूम नाही. साल सरकारले लागते." साल चुकलं, एक गुण कापला. रोहननं नव्यानं तीन शब्द सांगितले: विळा, सूप, दोरी. थोड्या वेळानं त्यांना दोन आठवले, सूप राहिलं. तोही गुण कापला. वय झालंय, थोडं विसरायला होतं, ते लपवायचं नव्हतं.

नवऱ्याचं नाव विचारलं.

"घेतलं होतं एकदा, लग्नात," त्या म्हणाल्या. "आता तो गेला म्हनून का मी त्याले नावानं हाका मारू?"

"मग मला कसं कळेल?"

त्यांनी पाळीवरच्या शेंदूर फासलेल्या मारुतीकडे बोट केलं. "त्या देवाचं आहे ते."

रोहननं कागदावर लिहिलं: मारुती. गोपालभाऊंनी मान डोलावली. एक गुण.

वाचणं, लिहिणं, चित्र काढणं, तिन्हीला शून्य. पेन त्यांनी आयुष्यात धरला नव्हता. एकूण चार, पाच, तीन, पाच, दोन, सहा. पंचवीस. मी बेरीज तीनदा केली आणि रोहनकडून चौथ्यांदा करून घेतली.

तेवढ्यात प्रमोद आला, मोटारसायकल बांधावर टाकूनच.

"मॅडम, हे का लावलं तुम्ही? खळ्यावर पेपर घेता? हे कोनतं हॉस्पिटल?"

"तुम्ही डोळ्यांचं सांगून यांना शिबिरात नेलं, ते कोणतं हॉस्पिटल होतं?"

"डोक्याचं म्हनलं असतं तर बुढी आली असती का?"

"म्हणजे तिला कळतं, हे तुम्हीच सांगता आहात."

तो अडखळला, मग आवाज चढवला. "रात्री इचं ऐका तुम्ही एकदा! दोन-दोन वाजेपर्यंत आकडे मोजून राहते. पोरं भेतात."

अनसाबाई उठून उभ्या राहिल्या. "तुले बाराव्या वर्षापर्यंत विसाच्या वर मोजता येत नव्हतं. कोनं शिकवलं? याच खळ्यावर बसवून शिकवलं. तवा आकडे ऐकून तू भेला नाही."

बायांत कोणीतरी जोरात हसलं. प्रमोद मोटारसायकल उचलून निघून गेला.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. आम्ही जायला निघालो तेव्हा मी अनसाबाईंना विचारलं, रात्री आकडे कशाचे मोजता? त्या आमच्याबरोबर निघाल्या. पाळीवरून चालताना बोलल्या. मापारी त्यांचा नवरा होता. गावातली बरीच खळी तो मोजायचा. पोत्याचं तोंड धरायची त्या, आणि खंडीच्या मुठी ठेवायच्या त्या. नवरा मागच्या उन्हाळ्यात गेला. या वर्षी स्वतःच्या शेतातलं धान आलं, तेव्हा त्यांनी खुंटीवरचा कुडो घ्यायला हात लावला, तर प्रमोदच्या बायकोनं काढून घेतला. विधवेच्या हातचं लाभाचं माप शुभ नसतं म्हणे. कुडो कोठीत ठेवून कुलूप लावलं.

"रात्री झोप येत नाही," त्या म्हणाल्या. "मंग मी बुढ्यासंगं मोजते. तो माप टाकते, मी मोजते. दहा खंड्या झाल्या का झोप लागते. कधी नाई बी लागत."

"आणि जेवण?"

"माहा कुडो कुलपात ठेवला त्या हातचं जेवन गिळत नाही, माय. गोपालच्या घरी खाते एक टाइम."

दिवसभर भटकते. एकटीच आकडे बडबडते. घरचं जेवत नाही. तिन्ही लक्षणं प्रमोदनं खरी सांगितली होती. कागदावर त्यांना नसलेला आजार होता आणि असलेलं दुःख कुठेच नव्हतं, कारण त्याचा रकाना मी अकरा वर्षांपूर्वी केला नव्हता.

मंगळवारी सकाळी दहाला मी डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर नवा अहवाल ठेवला. पंचवीस गुण, सहा पानं, गृहभेटीची माहिती, गोपालभाऊंची साक्ष. त्यांनी वाचला. वाचताना मधे एकदा "लाभ" असं पुटपुटले. ते गोंदियाचे, शेतकऱ्याच्या घरचे.

"हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "माझे आजोबा म्हणायचे."

"मग सही करताना रोहनचा शेरा वाचला नव्हता का?"

"पंचावन्न कागद होते, मॅडम."

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. ज्याला ठाऊक होतं त्यानं वाचलं नाही, जिनं कागद केला तिला ठाऊक नव्हतं, आणि जो प्रामाणिकपणे लिहीत होता त्याला सहा मिनिटं दिली होती. या तिघांच्या मधून एक बाई आश्रमात चालली होती.

"पहिला अहवाल रद्द करा," मी म्हणाले.

"माझी सही झाली तेव्हाच तो सिस्टीमवर चढलाय. रद्द करता येत नाही."

"का?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सही झालेला अहवाल परत घ्यायची कारणं तीनच होती. रुग्णाचा मृत्यू. दुबार नोंद. गणितीय दुरुस्ती. 'निष्कर्ष चुकला' असं कारण नव्हतंच. ती सोय करणाऱ्यांनी माणसं मरतील, दोनदा नोंदली जातील, इथवर विचार केला होता. डॉक्टर चुकेल हा विचार त्यांना शिवला नव्हता.

म्हातारी जिवंत होती. दुबार नव्हती.

"तिसरं," मी म्हणाले.

"पण ते बेरजेसाठी असतं."

"बेरीज चुकलीच आहे, सर. अकराला नऊ लिहिलंय. मी गुरुवारी सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, दोन मार्कांनी काय फरक पडतो."

त्यांनी माऊस हातात घेतला. "ऑडिटमध्ये विचारलं तर?"

"सांगा, आमच्या सोशल वर्करला बेरीज येते."

त्यांनी क्लिक केलं. अहवाल उघडला. एकदा उघडला की तो पूर्ण फेरतपासणीत जातो. तेव्हा नवी चाचणी जोडता येते, जुना निष्कर्ष गळून पडतो. त्यांनी तो काढला, नवा लिहिला, सही केली. मग मी केली. तारीख घातली, वेळ घातली. अकरा वाजून चाळीस मिनिटं.

प्रमोद शुक्रवारी आला. त्याला मी समोर बसवून समजावलं. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "दोन मार्कांसाठी तुम्ही माहं काम अडवलं?" मी हो म्हणाले. त्याला दुसरं उत्तर समजलं नसतं, आणि मला द्यायचं नव्हतं. तो दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जाणार नाही, असं मी सांगू शकत नाही. म्हणून आमच्या अहवालाची एक प्रत अनसाबाईंना दिली. ती गोपालभाऊंच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत, बियाण्याच्या कणगीवर आहे.

त्यानंतर त्यांच्याकडे मी पाच वेळा गेले. गोळी दिली नाही, लागली नाही. समुपदेशन म्हणजे मोठं काही नव्हतं. एकदा नुसतं नवऱ्याबद्दल ऐकलं. एकदा प्रमोदच्या बायकोशी बोलले. तिनं कुडो परत दिला नाही, पण वेगळी चूल मांडू दिली. गोपालभाऊंशी आणि आणखी दोन शेतकऱ्यांशी बोलले. त्यांनी आपल्या खळ्यावर लाभाचं माप अनसाबाईंच्या हातूनच घेतलं, गावासमोर. झोप तीन तासांवरून पाच तासांवर आली आहे. सहा झाले असते तर बरं वाटलं असतं. लिहायची परवानगी त्यांनी दिली. "लिही ना. पन त्या पोट्ट्याले नाव ठेवू नको, त्यानं लाभ म्हनलेलं लिहून तरी घेतलं," असं म्हणाल्या.

ते खरं आहे. त्यानं लिहून घेतलं नसतं तर मला काहीच सापडलं नसतं.

आता बाकीचं. मी कपाटातल्या जुन्या फाइली काढल्या. अकरा वर्षांतल्या सगळ्या सापडल्या नाहीत, एका पावसाळ्यात खालचा कप्पा भिजला होता. जेवढ्या मिळाल्या, त्यांत मोजणीत शून्य मिळालेले आणि खेड्यातले सतरा जण निघाले. सगळेच खळ्यावरचे असतील असं नाही. काही खरोखर आजारी असतील. पण मला कोणते ते माहीत नाही, आणि ते माहीत असणं हेच माझं काम होतं. नऊ जणांच्या घरी जाऊन आले. त्यांतली तीन माणसं आता हयात नाहीत. एक बाई आश्रमात आहे. तिच्या भावाचा पत्ता शोधते आहे.

चाचणीच्या कागदात बदल करावा म्हणून मी वरच्या ऑफिसला पत्र दिलं. प्रस्ताव विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. तोवर माझ्याकडच्या सगळ्या कोऱ्या कागदांवर ती सूचना मी पेननं खोडून ठेवली आहे.

दुसऱ्याची मोजणी चूक ठरवण्याआधी आपली बेरीज तपासावी. आठ घरं बाकी आहेत.